राखेचं विरजण

सोलापूरला जाऊन आले म्हटलं की समोरचा माणूस पहिल्यांदा विचारतो, चादर आणलीस का? मी चादर आणली नाही. मी तिथून सहा पोती राख सीलबंद करून बेल्जियमला धाडली आणि स्वतःसाठी शेंगा चटणीची दोन पाकिटं घेऊन घरी आले. हे ऐकून लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेची मला आता सवय झाली आहे.

मी मूळची चिपळूणची. रसायनशास्त्र शिकले आणि पोटापाण्यासाठी एका चमत्कारिक धंद्यात पडले. दागिने घडवताना जो कचरा होतो, म्हणजे घासायच्या यंत्रातली धूळ, फुटक्या मुशी, मळकी फडकी, तो जमवून परदेशातल्या मोठ्या भट्ट्यांना पाठवायचा, हे आमच्या ठाण्याच्या छोट्याशा कंपनीचं काम. ही घाण रीतसर कागदपत्रांनिशी जहाजात बसते, समुद्र ओलांडते, तिकडे वितळते आणि तिच्यातून निघालेलं सोनं, प्लॅटिनम, पॅलेडियम जगात कुठल्या तरी नव्या अंगठीत किंवा मोटारीत जाऊन बसतं. बारा वर्षं झाली, तरी मला याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

सोलापूरला मी नवल करायला गेले नव्हते, पाळत ठेवायला गेले होते. तिथल्या हलीमाबी नावाच्या बाईंकडून नुकत्याच येऊ लागलेल्या मालात तिन्ही वेळा फरक पडला होता. आमची पद्धत अशी की माल पोत्यांत भरायच्या आधी त्यातला नमुना काढायचा आणि ठाण्याला तपासायचा. मग बेल्जियमला अख्खा माल तपासतात. दोन्हीकडचे धातूचे आकडे जुळायला हवेत. हलीमाबींच्या बाबतीत नमुना सांगायचा त्यापेक्षा माल कमी निघायचा. फार नाही, थोडाच. पण तिन्ही वेळा कमीच. साधी चूक असती तर एखाद्या वेळी जास्तही निघाला असता.

"नमुना काढल्यावर आणि पोतं शिवायच्या आधी कुणीतरी हात मारतंय," आमचे साहेब म्हणाले. "तीन दिवस तिथे उभी राहा आणि बघ. चौथ्यांदा कमी आलं, तर हलीमाबीचा माल बंद."

पहिला दिवस: झडती

जानेवारी होता, तरी सोलापूरचं ऊन अंगावर आलं. आमच्या कोकणात धुतलेली पोलकी दोन-दोन दिवस दोरीवर ओली लोंबतात. इथे रिक्षातून उतरून घाम पुसलेला रुमाल पैसे देईपर्यंत वाळला. गल्लीत यंत्रमागांची खडखड चालली होती, एका ओट्यावर दोन बायका तेलुगूत जोरजोरात भांडत होत्या (मागाहून कळलं की त्या भांडत नव्हत्या, एकमेकींना लग्नाचं आमंत्रण करत होत्या), आणि गल्लीच्या टोकाला हलीमाबींचं पत्र्याच्या फाटकाचं घर होतं.

हलीमाबी झारेकरी आहेत. सोनाराच्या दुकानातला केर न्यायचा, तो जाळायचा, कुटायचा, चाळायचा, धुवायचा आणि त्यात हरवलेलं सोनं शोधून काढायचं, हा झारेकऱ्यांचा पिढीजात धंदा. साठी उलटलेली, काटकुळी बाई. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. बोटं राखेनं कायमची काळी झालेली.

"ठान्याच्या मॅडम न्हवं? बसा, पानी प्या," त्या म्हणाल्या. "चोर धराय आलाय, तर दमानं धरा की. चोर कुटं पळतोय?"

माझा चेहरा उतरला असणार, कारण त्यांचा मुलगा रशीद घाईघाईनं म्हणाला, "अम्मी, असं बोलत्यात व्हय पावण्यास्नी?"

"खरं हाय ते बोलले. बाई, एक आयका. सोनार आमाला केर मोजून देत न्हाईत. आमी बी त्यांच्या म्होरं मोजून घेत न्हाय. घरात शिरून, त्यांच्या बसायच्या पाटाखालनं झाडून आनतो. उद्या कुनी म्हनलं, हलीमाच्या मालात खोट हाय, की परवापासनं ह्या दारात केर यायचा बंद. झारेकऱ्याचं दुकान म्हंजी त्याचं नाव. दुसरं काय हाय आमाकडं? ह्यो पत्रा?"

मी पिशवीतून माझी नळी काढली. तुकडे जोडले की पुरुषभर लांब होणारी, पोकळ, पितळेची नळी. मागच्या पडवीत राखेचे तीन मोठे लोखंडी डबे भरून ठेवले होते. मी प्रत्येक डब्यात चार-पाच ठिकाणी नळी थेट तळाला टेकेपर्यंत खुपसली, नमुना काढला, पुड्या बांधून लाख लावली. हलीमाबी हाताची घडी घालून शेजारी उभ्या होत्या.

काम आटोपल्यावर त्यांनी मला त्यांचं काम दाखवलं. परसात सिमेंटची टाकी आणि तिच्या काठाशी एक जुनी काथवट, म्हणजे आमच्याकडे भाकरीचं पीठ मळायला असायची तशी लाकडी परात. त्यांनी तीत दोन ओंजळी राख घेतली, पाणी घेतलं आणि मनगटं हलवायला सुरुवात केली. ना घाई, ना जोर. गढूळ पाणी कडेवरून थोडंथोडं सांडत राहिलं, काळं, मग करडं, मग जवळजवळ स्वच्छ. शेवटी काथवटीच्या लाकडावर एक बारीक पिवळी रेघ उरली. दोन बोटं लांबीचीही नसेल. माझ्या प्रयोगशाळेत एवढ्याशासाठी दोन यंत्रं आणि एक दिवस लागला असता. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. पाण्यात सापडतं ते असं इथेच निघतं. जे फारच बारीक आहे, किंवा पांढऱ्या सोन्यातला जो धातू त्यांच्या रीतीनं सुटत नाही, ते राखेत उरतं, आणि ती उरलेली राख वाळवून डब्यांत साठवतात. हलीमाबींच्या सासूबाईंच्या वेळेला म्हणे तिनं खड्डे बुजवायचे. आता ती बेल्जियमला जाते.

निघताना मात्र माझं डोकं फिरलं. दाराशी एक पितळी ताट ठेवलं होतं. रशीद म्हणाला, "मॅडम, जरा पाय ह्याच्यावर धरा," आणि एक मऊ कुंचला माझ्या हातात दिला.

"माझी झडती घेताय?" मी फटकन म्हणाले. तपासायला मी आलेली, आणि झडती माझी!

हलीमाबींनी स्वतःची चप्पल काढली, ताटावर पाय धरला आणि तळवा झाडला. मग दुसरा. चिमूटभर काळी धूळ ताटात पडली. "झडती न्हाय, बाई. हितली राख हितंच ऱ्हावी येवढंच. मी बी रोज झाडती. मला काय मी चोर समजती?"

मी मुकाट्यानं पाय झाडले. लॉजवर पोचेपर्यंत स्वतःवरच चिडले होते. तरी जेवण पोटभर केलं, कडक भाकरी, भरलं वांगं आणि वर शेंगा चटणी. त्या भाकरीचा मोडताना जो आवाज होतो, तो ऐकून आमच्या तांदळाच्या मऊ भाकरीची मला थोडी दया आली.

दुसरा दिवस: मोहोळ

सकाळी रशीदला मोहोळला केर आणायला जायचं होतं. म्हटलं, मीही येते. टेम्पोत त्याच्या शेजारी बसले. दोन्हीकडे ज्वारी उभी होती आणि आभाळ इतकं मोठं होतं की मला डोंगराची आठवण झाली. आमच्याकडे कुठेही बघा, नजरेला काहीतरी आडवं येतंच. इथे काही म्हणजे काहीच आडवं येत नव्हतं.

मोहोळच्या बाजारात पोतदार म्हणून सोनार आहेत. गुडघे दुखतात म्हणून हल्ली खुर्चीवर बसून काम करणारे, टक्कल पडलेले, भरघोस मिशांचे गृहस्थ. रशीद सरळ आत गेला. बसायच्या जागेवरचं पोतं उचललं, पायपुसणं उचललं, झिजलेला झाडू घेतला, हात धुतलेल्या पाण्याचा हंडा उचलला, घासायच्या यंत्राची पिशवी सोडवली. पोतदार गिऱ्हाइकाशी बोलत होते. त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही वजन करत नाही?" मी विचारलं.

"कशाचं?"

"या सगळ्याचं. यात सोनं असतं."

"असतं की. म्हनून तर देतो," पोतदार म्हणाले. "मोजायचं झालं, तर मग ह्यांला कशाला बोलवू? माझ्या सासऱ्याच्या टायमाला रशीदची आज्जी यायची. तिनं बी झाडलं, हलीमाबाईनं बी झाडलं. कधी मोजलं न्हाय."

बोलता बोलता त्यांनी आपला अंगरखा झाडला. रशीद म्हणाला, "काका, मिशा ऱ्हायल्या." पोतदारांनी खरोखर मिशांवरून दोनदा हात फिरवला. दुकानात सगळे हसले, मीही हसले. पण परतीच्या वाटेवर मनात तेच घोळत राहिलं. आमच्या धंद्यात एका पुडीवर तीन सह्या लागतात. एक नमुना आमचा, एक त्यांचा, एक भांडण झालं तर उघडायचा. आणि इथे एक माणूस आपल्या मिशांतलं सोनंसुद्धा न मोजता देऊन टाकतो. असं असताना हलीमाबी आमच्या मालात हात कशाला घालतील? पण मग माल जातो कुठे?

दुपारी पहिले दोन डबे पोत्यांत भरले. मी डोळ्यांत तेल घालून उभी होते. रशीद फावड्यानं राख काढत होता, हलीमाबी पोत्याचं तोंड धरून बसल्या होत्या. कुणी काही लपवलं नाही, कुणी आत-बाहेर केलं नाही. डबा तळाला आला तेव्हा रशीद थांबला.

"एवढं सोडायचं," तो म्हणाला. तळाशी मापटंभर राख असेल.

"का?"

"विरजण," हलीमाबी म्हणाल्या. "डबा रिकामा करू नी. ह्याच्यावरच नवा माल टाकायचा. माझ्या सासूच्या सासूपासनं हाय ह्ये. डबं बदललं, विरजण त्येच."

मी मान डोलावली. माझी आईसुद्धा तांदळाच्या डब्यात मूठभर तांदूळ ठेवल्याशिवाय नवे ओतत नाही. दह्याचं विरजण तर आमच्याकडे माझ्या लग्नाआधीपासून तेच आहे. इतकी ओळखीची रीत, की माझ्या वहीत मी त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. पाळत ठेवायला आलेली बाई, आणि समोर घडलं ते दिसलं नाही.

तिसरा दिवस: चटणीचं मीठ

तिसरा डबा सकाळी भरला. पोती शिवायची तेवढी राहिली होती. हलीमाबी म्हणाल्या, "आज हितंच जेवा. लॉजात काय ठेवलंय?" आम्ही तिघं पडवीतच बसलो. भाकरी, पिठलं आणि बरणीतली शेंगा चटणी. बरणी संपत आली होती. माझ्या वाट्याला तळातली आली. मी घास घेतला आणि माझा चेहरा वाकडा झाला.

"खारट लागली व्हय?" हलीमाबी हसल्या. "तळाची हाय. येवढ्या मोहोळच्या फेऱ्या मारून आली बरनी, टेम्पोत हादरून हादरून. मीठ खाली बसतंयच की."

माझा पुढचा घास हातात तसाच राहिला. चटणी कोरडी होती. कोरडी चटणी हादरली की बारीक, जड मीठ खाली जातं. आणि राख? तीही कोरडीच. डबे पडवीत ओढून ओढून सारखे हलवलेले, नवा माल वरून दणादणा ओतलेला. राखेतलं सगळ्यांत जड काय?

"चाची," मी म्हणाले. हलीमाबींना मी चाची म्हटलं ते त्या क्षणी पहिल्यांदा. "विरजण धुऊन बघू या का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी ओळखलं असावं, कारण जेवण अर्धं टाकून त्या उठल्या. पहिल्या डब्याच्या तळाची दोन ओंजळी राख काथवटीत घेतली, पाणी घेतलं, मनगटं हलू लागली. पाणी काळं झालं, करडं झालं. रशीद माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. पाणी स्वच्छ झालं आणि लाकडावर रेघ उरली नाही, पट्टा उरला. तळहाताएवढा रुंद, पिवळा, मध्ये मध्ये पांढुरका. एवढ्याशा राखेत एवढं मी कधी पाहिलेलं नाही.

"ह्ये माझ्या हातनं सुटल्यालं हाय," हलीमाबी म्हणाल्या. "माझ्या, सासूच्या, तिच्या सासूच्या. धुताना निसटलं, राखंत गेलं, आन हितं तळाला येऊन बसलं. आन आमी त्येच दर वक्ताला मागं ठेवलं."

आता सगळं उलगडलं होतं. आमची नळी दर वेळी तळापर्यंत जायची. तिच्यात हे विरजण यायचं आणि नमुना भारी निघायचा. पोत्यात मात्र विरजण जायचं नाही. नमुना घेतल्यावर माल मागे राहत होता, अगदी साहेब म्हणाले तसाच. फक्त चोर नव्हता.

"मी साहेबांना समजावते," मी म्हणाले. "पोत्यातला नवा नमुना काढते. विरजण तुमचंच, तुम्ही ठेवा. आकडा जुळेल."

"व्हय अम्मी," रशीद म्हणाला. "आपलंच हाय की ते. आज्जीचं हाय."

हलीमाबी काथवटीतला पट्टा बोटानं गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मागल्या तीन वक्ताला नमुन्यात आपून ह्ये दावलं. दावलं आन दिलं न्हाय. ठाऊक नव्हतं, म्हनून चोरी न्हाय. आता ठाऊक झालंय. आता ठेवलं, तर मग काय म्हनायचं त्येला?" त्या उठल्या. "रशीद, डबं पालथं कर."

"अम्मी, रिकामा डबा..."

"पालथं कर म्हनले."

त्यानं तिन्ही डबे पालथे केले. चार पिढ्यांचं विरजण पोत्यांत गेलं. हलीमाबींनी काथवटीतला पट्टासुद्धा राखेत परत कालवला. मग डब्याच्या आत हात घालून त्यांनी बोटांनी कोपरे पुसले, आणि जेव्हा लोखंडाचा उघडा तळ दिसला तेव्हा चटकन तोंड फिरवलं. मी आजवर पुष्कळ सोनं पाहिलं आहे, मोठमोठ्या तिजोऱ्यांत पाहिलं आहे. पण सोन्यापुढे माझी मान खाली गेली ती त्या दुपारी पहिल्यांदा. सोन्यासाठी नाही, त्या बाईसाठी.

पोती शिवली, लाख लावली, तिघांच्या सह्या झाल्या. हलीमाबींनी अंगठा उठवला आणि मग काय वाटलं कोण जाणे, त्याखाली उर्दूत सहीही केली.

निघताना दाराशी पितळी ताट होतंच. कुणी काही म्हणायच्या आत मी कुंचला घेतला आणि दोन्ही पाय नीट झाडले. चपला उलट्या करून त्याही झाडल्या. चिमूट-दीड चिमूट धूळ पडली. हलीमाबींनी ताट उचललं, पडवीत गेल्या आणि ती धूळ पहिल्या डब्याच्या उघड्या तळावर झटकली.

"हां," त्या म्हणाल्या. "आता रिकामा न्हाय."

ठाण्याला

काही आठवड्यांनी बेल्जियमचा निकाल आला. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवून साहेबांनी बराच वेळ पाहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी बाहेर जिन्यात जाऊन हलीमाबींना फोन लावला. मागे मागांची खडखड ऐकू येत होती.

"चाची, निकाल आला."

"फरक?"

"नाही. काहीच फरक नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पोरी, मग आता तुला परत हिकडं धाडनार न्हाईत म्हन की."

"नाही हो. आता तपासायला काही कारणच उरलं नाही."

"कारन कशाला पायजे? तशीच ये," हलीमाबी म्हणाल्या. "आन येताना चपला झाडून येऊ नगंस. तितली धूळ घिऊन ये. डबा अजून लई रिता हाय."